कुंभाराचं मेण आणि कवळीवाल्याची पावडर

कोरेगावातल्या माझ्या लॅबच्या फळीवर दोन वस्तू कायम शेजारीशेजारी असतात. एक पावडरचा डबा आणि एक तपकिरी काचेची बाटली. बाटलीचं बूच काढलं की उग्र वास थेट डोक्यात जातो. नवीन माणूस दारातूनच नाक धरतो. ही पावडर आणि हे लिक्विड कालवून मी कवळ्या करतो. रहिमतपूर, वाठार स्टेशन, पुसेगाव इथल्या दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात. मी दात रचतो, कवळी शिजवतो, घासूनपुसून परत पाठवतो. डेंटल मेकॅनिकचं काम एवढंच, असं लोकांना वाटतं. पण पुण्यात एका दंतमहाविद्यालयात नोकरीला होतो तेव्हा याच पावडरच्या बिनरंगी जातीतून मी माणसांच्या कवटीचे तुकडेही केले. ते आज कुणाकुणाच्या कातडीखाली आहेत, वर केस वाढलेत, आणि ती माणसं सातारा-सांगलीच्या एसटीत तुमच्या शेजारी बसलेली असतील.

आपल्या भागात डोक्याला मार लागलेला माणूस नवीन नाही. गळीत हंगामात रात्री रस्त्याकडेला बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी असते आणि मागून मोटरसायकल येते. कुणी जांभळावरून पडतो, कुणी बांधकामाच्या स्लॅबवरून. कवटी ही बंद पेटी; आत मेंदू सुजला की त्याला पसरायला जागा नसते. मग डॉक्टर कवटीचा तळहाताएवढा, कधी त्याहून मोठा तुकडा काढून ठेवतात. सुजेला वाट मिळते, पुष्कळांचा जीव वाचतो. काही आठवड्यांनी-महिन्यांनी सूज उतरते आणि डोक्याला खड्डा पडतो. त्या खड्ड्यावर काय बसवायचं, हा पुढचा प्रश्न. नातेवाईक गावात सांगतात, "प्लेट बसवली." ती प्लेट कसली, कुणी केली, तीच का निवडली, याचा इतिहास मला माझ्या धंद्यातून जसा दिसला तसा सांगतो. माझं म्हणणं असं की कवटीवर काय बसवायचं हे सर्जनने एकट्याने कधीच ठरवलेलं नाही. त्या त्या काळी कारागिराच्या हाताशी जे होतं आणि त्याला जे जमत होतं, तेच माणसाच्या डोक्यावर बसलं.

याची साक्ष पुण्यातच आहे, आणि ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. जवळजवळ वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, विटा-मडकी करणाऱ्या जातीतला होता. त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नाकाचा आकार घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांच्या मध्ये एक देठ तसाच राखला आणि कातडी वळवून खाली नाकावर बसवली. थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले हे मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर हजर होते. या नाकाची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि युरोपातल्या सर्जन लोकांनी त्यावरून नाकं करायला सुरुवात केली.

हा प्रसंग नाकाचा आहे, कवटीचा नाही. तरी मी तो आधी सांगतो, कारण त्यातलं मेण माझ्या ओळखीचं आहे. हरवलेल्या अवयवाचा आकार आधी मेणात उतरवायचा आणि मग मेणावरून खरा माल बेतायचा, हीच आमच्या लॅबची पहिली पायरी आहे. पुण्याच्या त्या माणसाने ती स्वतःच्या धंद्यातून उचलली असणार. त्या लेखात कावसजीचं नाव आहे, डॉक्टरांची नावं आहेत, आणि कारागिराची फक्त जात आहे. मला हे आजही खटकतं.

कवटीला भोक पाडण्याची विद्या तर फार जुनी. काश्मीरच्या बुर्झहोममध्ये नवाश्मयुगातली भोकं पाडलेली कवटी सापडली आहे. पेरूत अशा शेकडो कवट्या निघाल्या. बौद्धांच्या विनयपिटकात जीवक वैद्याची गोष्ट येते: राजगृहाच्या श्रेष्ठीचं डोकं उघडून त्याने दोन किडे बाहेर काढून दाखवले आणि कातडी शिवून टाकली. गोष्ट किती खरी ते सोडा, पण ऐकणाऱ्यांना कल्पना अशक्य वाटत नव्हती एवढं खरं. पडलेलं भोक बुजवायचा विचार मात्र त्या मानाने उशिरा आला. सोळाव्या शतकात इटलीतल्या फॅलोपिओने सोन्याच्या पत्र्याचा उल्लेख केला आहे. सोनं का, तर ते गंजत नाही, अंगात खवळत नाही आणि सोनार ते हवं तसं ठोकून देतो. पण सोनं मऊ, आणि ते परवडणार कुणाला? पुढे चांदीही वापरून पाहिली. ती काळी पडते आणि कातडीवर डाग उठवते.

१६६८ साली हॉलंडच्या योब व्हान मेकरेनच्या पुस्तकात एका रशियन सरदाराची हकीकत छापली गेली. तलवारीने त्याची कवटी फुटली होती, आणि सर्जनने कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून ती बुजवली. जखम भरली. चर्चला कळलं तेव्हा माणसाच्या डोक्यात कुत्र्याचं हाड चालणार नाही म्हणून त्याला धर्माबाहेर काढलं. बिचाऱ्याने ते हाड काढायची विनंती केली, तर ते इतकं पक्कं धरून बसलं होतं की निघेना. ही गोष्ट डॉक्टर मंडळी रंगवून सांगतात. मला त्यात दिसतं ते असं की नात्यागोत्याला आणि धर्माला काय चालेल, हाही सामान निवडण्यातला एक भाग पहिल्यापासून आहे. पुण्यात असताना एका आजोबांनी सर्जनना माझ्यासमोर विचारलं होतं, "दुसऱ्या कुणाचं हाड तर न्हाई ना घालणार?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "नाही आजोबा, हे प्लास्टिकचं आहे." आजोबांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन वाटा फुटल्या. एक वाट हाडाची. ग्लासगोच्या विल्यम मॅकएवनने १८८५ च्या सुमारास रोग्याचेच हाडाचे तुकडे परत बसवून दाखवले. जर्मनीत कुणी नडगीच्या हाडाचा तुकडा घेतला, कुणी कवटीचाच वरचा पापुद्रा सरकवून शेजारचं भोक झाकलं. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या जखमा एवढ्या आल्या की बरगड्याही वापरल्या गेल्या. दुसरी वाट परक्या सामानाची, आणि ती माझ्या टेबलावरून जाते.

व्हिएन्नाच्या फ्रेंकेलने १८९० मध्ये कवटीत सेल्युलॉइड बसवलं. सेल्युलॉइड हा हस्तिदंताला स्वस्त पर्याय म्हणून निघालेला माल. बिलियर्डच्या चेंडूंसाठी त्याचा शोध लागला खरा, पण १८७० च्या दशकात त्याच्या कवळ्याही होत होत्या. त्या कवळ्यांना कापराचा वास यायचा. म्हणजे सेल्युलॉइड आधी तोंडात गेलं आणि मग डोक्यात. दुसरा माल व्हिटॅलियम, म्हणजे कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू. तो १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या दंत-लॅबसाठी निघाला. तोंडातल्या ओलाव्यात तो गंजत नाही हे पाहून हाडांच्या डॉक्टरांनी तो उचलला, आणि १९४१ मध्ये तो कवटीवर बसला. तिसरा माल माझ्या फळीवरची पावडर, अ‍ॅक्रिलिक.

अ‍ॅक्रिलिक येण्याआधी कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे पक्क्या केलेल्या रबराच्या असायच्या. तपकिरी-लाल, जड आणि वास धरणाऱ्या. १९३३-३४ च्या सुमारास जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये काचेसारखं स्वच्छ अ‍ॅक्रिलिक बाजारात आलं. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने त्याला पर्स्पेक्स नाव दिलं. १९३७ च्या सुमारास त्याच्या कवळ्या व्हायला लागल्या, आणि दहाएक वर्षांत व्हल्कनाइट जवळजवळ मोडीत निघालं. कवट्यांवर अ‍ॅक्रिलिक बसवायची सुरुवात १९४० च्या आसपास झाली. मध्ये केवढा थोडा काळ गेला पाहा. तोंडात टिकतं, हिरडीला त्रास देत नाही, तर डोक्यातही टिकेल, असं डॉक्टरांनी धरलं आणि ते खरं निघालं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी याची वेगळ्या वाटेने खात्री करून घेतली. युद्धात विमानांच्या काचा पर्स्पेक्सच्या होत्या. जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत त्याच्या कपच्या घुसून वर्षानुवर्षं राहिल्या, तरी डोळा खवळला नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांच्या ध्यानात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी मोतीबिंदूच्या पहिल्या रोग्याला पर्स्पेक्सचं भिंग बसवलं. कोरेगाव तालुक्यातल्या कितीतरी आज्यांच्या डोळ्यांत आज भिंग आहे, त्याचं मूळ हे. १९५० च्या दशकाच्या अखेरीला जॉन चार्नली यांनी मँचेस्टरमध्ये खुब्याचा सांधा पक्का करायला हाडाचं सिमेंट वापरलं. तेही हेच अ‍ॅक्रिलिक, आणि ते सुचवणारा माणूस दंतसामग्रीचा अभ्यासक डेनिस स्मिथ होता. कवळी, कवटी, डोळा, खुबा, सगळीकडे एकच माल. आमच्या धंद्याकडे 'दात बसवणारे' म्हणून पाहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या इस्पितळांत टँटलम नावाचा धातू गाजला. एके काळी विजेच्या दिव्याच्या तारा याच्या होत. तो ठोकता येतो, गंजत नाही. पण पाण्याच्या सोळा पटीहून जड, आणि उष्णता चटकन ओढून घेतो. उन्हात डोकं तापायचं, थंडीत ठणकायचं, आणि एक्स-रेमध्ये त्याच्यामागचं काही दिसायचं नाही. माणच्या उन्हात मेंढरं राखणाऱ्या माणसाच्या डोक्यावर टँटलमचा पत्रा असता तर त्याचं काय झालं असतं, हे सांगायला नको. अ‍ॅक्रिलिक पाण्यापेक्षा जरासंच जड, उष्णता सहजी नेत नाही आणि एक्स-रेला आडवं येत नाही. शिवाय ते स्वस्त आणि कुठल्याही दंत-लॅबमध्ये होणारं.

आपल्याकडे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग पहिल्यांदा झाला तो १९४९ मध्ये वेल्लोरला, डॉ. जेकब चांडी यांच्या हाताखाली. पुढच्या वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती आले. मुंबईत डॉ. राम गिंडे आणि केईएमचे डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने हे काम रुजवलं. आपल्या बाजूला मोठ्या आजाराचं एकच नाव होतं, मिरज. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उघडलं, आणि कोरेगाव पुणे-मिरज रेल्वेवर असल्यामुळे आमच्याकडे "मिरजेला न्या" हा वाक्प्रचारच होऊन बसला. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, पुढे कराडलाही मेडिकल कॉलेज झालं, आणि पुण्याचा रस्ता रुंद झाल्यावर लोक खंबाटकी घाट ओलांडून तिकडे जायला लागले.

आता तुकडा कसा होतो ते सांगतो. एक मुलगा आठवतो, वय विशीचं. ट्रॉलीला मागून धडकलेला. उजव्या बाजूला कपाळापासून कानाच्या वरपर्यंत हाड नव्हतं. आई बरोबर होती. टोपी काढली तेव्हा तो खड्डा दिसला आणि त्यात कातडी नाडीच्या ठोक्याबरोबर वर-खाली होत होती. अशा डोक्याला हात लावताना आवाजही आपोआप हळू होतो. केस काढलेले होते. मी बोटाने हाडाची कड चाचपली, कॉपिंग पेन्सिलने त्यावर रेघ ओढली आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवला. दातांचा ठसा घेतो तेच अल्जिनेट गार पाण्यात कालवून डोक्यावर पसरलं. ते गार लागलं तसा तो दचकला. "दादा, दोन मिनिटं हलू नकोस," एवढंच म्हणालो. वर गॉजची पट्टी, त्यावर प्लास्टरचा थर. घट्ट झाल्यावर अख्खा साचा टोपीसारखा निघून आला, आणि पेन्सिलची रेघ आत उमटली होती.

त्या साच्यात डेंटल स्टोन ओतून मुलाच्या डोक्याची प्रतिकृती केली. तिच्या खड्ड्यावर गुलाबी मेणाचे पत्रे गरम करून बसवले. हे काम सगळ्यात अवघड, कारण समोर दुसरं माप नसतं. चांगल्या बाजूकडे बघत बिघडलेली बाजू भरायची. मी प्रतिकृती खिडकीत ठेवून तिरप्या उजेडात पाहत असे. दोन्ही बाजूंच्या सावल्या जुळल्या की आकार जुळला. ठसा कातडीवरून घेतलेला असतो, त्यामुळे कातडीची जाडी मनाने वजा करावी लागते. पुण्याच्या त्या कारागिराला कपाळाच्या कातडीबाबत हाच हिशोब करावा लागला असेल.

मेण झालं की ते फ्लास्क नावाच्या धातूच्या पेटीत प्लास्टरच्या दोन थरांत दाबायचं, उकळत्या पाण्याने मेण वाहून काढायचं. मागे राहते ती पोकळी. मग पावडर तीन भाग, लिक्विड एक भाग. आधी ते ओल्या वाळूसारखं दिसतं, मग बोटाला तारा सुटतात, मग कणकेसारखं होतं. त्या क्षणी पोकळीत भरायचं. उशीर झाला की रबर होतं आणि दाबत नाही. शिजवण्यात घाई चालत नाही. सुमारे ७४ अंशांवर आठएक तास ठेवायचं, मग तासभर उकळायचं. लिक्विड शंभर अंशांच्या आसपास स्वतःच उकळतं. पाणी लवकर तापवलं तर आत बुडबुडे धरतात, आणि बुडबुडा म्हणजे उद्या तडा जाण्याची जागा. रात्रभर पाण्यावर लक्ष ठेवून बसणं यालाच आमच्याकडे काम येणं म्हणतात. बाहेर काढल्यावर कडा तासायच्या, बारीक भोकं पाडायची. त्यांतून खालचं पाणी निघतं, टाका ओवता येतो आणि ऊती आत शिरून तुकडा धरतात. चुकून उरलेलं लिक्विड मेंदूजवळ जाऊ नये म्हणून तुकडा पाण्यात भिजत ठेवायचा. उकळून निर्जंतुक करायला गेलं तर तो वाकण्याची भीती, म्हणून गॅसने निर्जंतुक करायला पाठवायचा.

त्या मुलाच्या आईने तो स्वच्छ, काचेसारखा तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. "ह्ये टिकंल का रं?"

"टिकंल मावशी. मोटरसायकलवर बसताना डोक्यावर हेल्मेट घालायला सांगा फक्त."

दुसरीही पद्धत आहे. ऑपरेशनच्या टेबलावरच अ‍ॅक्रिलिक कालवून, हातमोज्यातून किंवा प्लास्टिकच्या पिशवीत मळून थेट खड्ड्यावर बसवायचं. १९५४ मध्ये स्पेन्सने ती रीत लिहिली आणि आजही ती चालते. वेळ वाचतो, आकार जागेवर मिळतो. पण कालवलेलं अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना चांगलंच तापतं, ८० अंशांच्या वर जातं. खाली मेंदू असतो, म्हणून ओला कापूस आणि गार सलाइन सतत सोडावं लागतं, आणि उरलेलं लिक्विडही तिथेच सुटतं. वेळ हाताशी असेल तर लॅबमध्ये शिजवलेला तुकडा चांगला, असं माझं ठाम मत आहे.

तरीही अ‍ॅक्रिलिक हा दुसरा पर्याय. पहिला पर्याय रोग्याचं स्वतःचंच हाड. त्यासारखं बसणारं दुसरं काही नाही. कड कडेला जुळते, रंग-रूप सांगायला नको. प्रश्न एवढाच की मधल्या काळात ते ठेवायचं कुठे? मोठ्या इस्पितळांत उणे ७०-८० अंशांचे फ्रीझर असतात. लहान गावांत वीज जाते, जनरेटर बंद पडतो. म्हणून १९२० मध्ये क्रेडरने लिहिलेली युक्ती आपल्याकडे घराघरात पोचली: हाड रोग्याच्याच पोटाच्या कातडीखाली चरबीत ठेवायचं. तिथे वीज लागत नाही, हाड हरवत नाही, दुसऱ्याच्या हाडाशी अदलाबदल होत नाही, खर्च नाही. माणूस बरा होऊन घरी येतो, शेतात जातो, आणि पोटावर हात ठेवला की तुकडा टणक लागतो. साताऱ्याच्या गावांत मी असे कितीतरी लोक पाहिले. पोटाला हात लावून सांगतात, "डोकं इथं हाय."

पण पोटातलं हाड दिवसेंदिवस झिजतं, म्हणून दुसरं ऑपरेशन फार लांबवून चालत नाही. परत बसवल्यावरही काहींचं हाड विरघळत जातं. लहान मुलांत हे जास्त. हाड फुटून तुकडे झालेलं असेल किंवा जखमेत पू झाला असेल तर ते वापरताच येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ मध्ये टिश्यू बँक सुरू झाली, आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं दान केलेलं हाड मिळू लागलं. ती सोय अनेक प्रकारच्या शस्त्रक्रियांना उपयोगी पडली. कवटीच्या मोठ्या खड्ड्यासाठी मात्र बहुतेक ठिकाणी पुन्हा अ‍ॅक्रिलिक किंवा टायटॅनियमकडेच वळावं लागतं.

टायटॅनियम विमानाच्या कारखान्यांतून आलं. कवटीवर ते १९६० च्या दशकात बसायला लागलं. हलकं, मजबूत, हाडाशी चांगलं जमवून घेणारं. त्याचं खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. जाळी कापून वाकवून बसवता येते. आता तर सीटी स्कॅनवरून चकती बेतून आणता येते. नंतर पीईईके नावाचं प्लास्टिक आलं, तेही आयसीआयचंच, पर्स्पेक्सवालीच कंपनी. त्याची टणकता हाडाच्या जवळ जाते, स्कॅनमध्ये चमकत नाही. पण बेतून घेतलेल्या तुकड्याची किंमत लाखांत जाते. २०१८ मध्ये पुण्यात सातारा रस्त्यावरच्या भारती हॉस्पिटलमध्ये एका चार वर्षांच्या मुलीची जवळजवळ ६० टक्के कवटी अमेरिकेत बेतून आणलेल्या थ्रीडी पॉलिइथिलीनच्या तुकड्याने बदलण्यात आली. वर्तमानपत्रांत ती बातमी आली तेव्हा आमच्या लॅबच्या जुन्या मंडळींनी एकमेकांना फोन केले. आमचं मेण मागे पडलं म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही. त्या पोरीचं डोकं झाकलं गेलं, याचाच आनंद होता. आणि थ्रीडी प्रिंटर आता आमच्याही कामाला येतो: सीटीवरून कवटी छापून घ्यायची आणि त्या कवटीवर मेण लावायचं. ठशातून कातडीची जाडी वजा करायची भानगडच राहत नाही.

मग निवडायचं काय? मला लोक विचारतात, म्हणून सांगतो. ठरवायचं मात्र तुमच्या सर्जननेच. स्वतःचं हाड धड आणि स्वच्छ असेल तर तेच. ते नसेल आणि पैसा मर्यादित असेल तर नीट शिजवलेलं अ‍ॅक्रिलिक बसवून घ्यायला अजिबात कमीपणा नाही. ते लाखोंच्या डोळ्यांत आणि खुब्यांत वर्षानुवर्षं टिकलंय. उन्हातान्हात काम करणाऱ्याला मी अ‍ॅक्रिलिकच बरं म्हणेन. वारंवार जंतुसंसर्ग झालेल्या जागी सर्जन टायटॅनियम सुचवतील तर ऐका. लहान मुलाचं डोकं अजून वाढायचं असतं, तिथे घाईने महागडा तुकडा घेण्याआधी दोन ठिकाणी दाखवा. सरकारी योजनेत मेंदूच्या कितीतरी शस्त्रक्रिया बसतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या अखेरीस राज्यभर झाली, पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. कर्ज काढण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

आणि दुसरं ऑपरेशन टाळू नका. कवटी उघडी राहिली की बाहेरच्या हवेचा दाब मेंदूवर येतो. डोकेदुखी, चक्कर, बोलण्यात अडखळणं, हात-पाय जड होणं, हे सगळं त्यातून होतं. ग्रँट आणि नॉरक्रॉस यांनी १९३९ मध्येच हे लिहून ठेवलंय. झाकण बसल्यावर बोलणं सुधारलेले, चालायला लागलेले रोगी मी स्वतः पाहिले आहेत. ऊस तोडून झाला की बघू, लग्न उरकलं की बघू, असं म्हणत लोक वर्ष घालवतात. ते करू नका.

घरी आणताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या: हाड किती मोठं काढलं, ते पोटात ठेवलंय, फ्रीझरमध्ये की टाकून दिलं, आणि परत कधी यायचं. तुकडा बसवला तर तो कशाचा आहे तेही लिहून घ्या. पुढे एमआरआय काढताना ते पहिल्यांदा विचारतात. मधल्या महिन्यांत त्या बाजूवर झोपू देऊ नका, बाहेर निघताना कडक टोपी घाला. आणि तुकडा लॅबमध्ये केलेला असेल तर तो कुणी केला, त्याचं नावही कार्डावर मागून घ्या.